साडेसहाचे गणित : इंग्रजीच्या प्रावीण्यचाचण्यांतील गुणांचा इतिहास

मराठीत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. माणसाच्या अंगी असतो तोही गुण आणि गुणपत्रिकेवर छापलेला असतो तोही गुण. पहिला मोजता येत नाही आणि दुसरा मोजल्याखेरीज अस्तित्वातच येत नाही. दुसऱ्यावरून पहिल्याचा अदमास घेता येतो, या श्रद्धेवर परीक्षांचा सारा व्यवहार उभा आहे. आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षांबाबत ही श्रद्धा आपण थोडी संशयानेच बाळगतो. पस्तीस गुणांवर काठावर उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आणि चौतिसावर अडकलेला विद्यार्थी यांच्यात काही मूलभूत अंतर आहे असे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला मनापासून वाटत नसते. म्हणून तर कृपागुणांची सोय झाली. परंतु परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशासाठी दिलेल्या इंग्रजीच्या चाचणीत एखाद्याला 'साडेसहा' मिळाले असे कळले की हा संशय मावळतो. साडेसहा कशापैकी, ते कोणी ठरवले, सहा आणि सात यांच्या मध्ये नेमके काय असते, हे कोणी विचारत नाही. नऊपैकी साडेसहा म्हणजे बहात्तर टक्के, असा हिशेब करणारेही भेटतात. तो हिशेब साफ चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे समजण्यासाठी या आकड्यांच्या इतिहासाकडेच जावे लागते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : भाषेला दिलेला गुण हा मुळातच अनिश्चित असतो, ही गोष्ट परीक्षाशास्त्राला सव्वाशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तिचे मापही काढलेले आहे. मात्र परीक्षागृहातून प्रवेशाच्या कचेरीकडे आणि तेथून व्हिसाच्या खिडकीकडे जाताना ही अनिश्चितता वाटेत गळत जाते आणि शेवटच्या टेबलावर फक्त आकडा पोचतो.

या इतिहासाशी हिंदुस्थानचा संबंध अगदी आरंभापासून आहे. १८५४ साली मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सनदी सेवेच्या स्पर्धापरीक्षेची आखणी केली. एकूण गुण ६८७५. त्यांपैकी इंग्रजी निबंध, वाङ्मय आणि इतिहास मिळून १५००, ग्रीक आणि लॅटिन यांना प्रत्येकी ७५०, संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकी ३७५. म्हणजे एक इंग्रजी बरोबर चार संस्कृत, असा हा विनिमयाचा दर होता. भाषांचे मोल आकड्यांत मांडण्याची ही पद्धत पुढे इतकी अंगवळणी पडली की तिच्यातले नवल दिसेनासे झाले.

याच सनदी परीक्षेचा आधार घेऊन १८९० साली फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने मोठी अडचणीची गोष्ट दाखवून दिली. एका शिक्षणविषयक नियतकालिकात लॅटिन गद्यलेखनाचा एक नमुना छापण्यात आला आणि हा सनदी सेवेच्या उमेदवाराचा कागद आहे असे समजून शंभरपैकी गुण द्यावेत, असे जाणकार परीक्षकांना आवाहन करण्यात आले. अठ्ठावीस परीक्षकांनी गुण कळवले. एकाने ४५ दिले, दोघांनी १०० दिले, उरलेले या दोन टोकांच्या मध्ये पसरलेले होते. कागद तोच, वाक्ये तीच. एजवर्थने परीक्षकांना दोष दिला नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. खगोलशास्त्रज्ञाने एकाच ताऱ्याचे वेध अनेकदा घेतले तरी प्रत्येक वेधात थोडा फरक पडतोच. परीक्षकाचा गुणही तसाच एक वेध आहे, असे त्याचे म्हणणे. अनेक जाणकारांनी दिलेल्या गुणांची सरासरी हा खरा गुण, आणि एकेकट्याचा गुण म्हणजे त्या खऱ्या गुणाभोवती भरकटणारा अंदाज. दोन वर्षांपूर्वी, १८८८ मध्ये, परीक्षांच्या संख्याशास्त्रावर लिहिताना त्याने या विचाराची मांडणी सुरू केलीच होती. आज चाचण्यांच्या प्रत्येक तांत्रिक अहवालात 'मापनाची प्रमाणित त्रुटी' म्हणून जो आकडा असतो, त्याचे मूळ या विचारात आहे.

केंब्रिजने १९१३ साली परभाषकांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली तेव्हा मात्र या विचाराचा तिच्यावर काही परिणाम झालेला दिसत नाही. आजच्या बहुतेक चाचण्यांची ही पणजी. तिची रचना साहित्याच्या शिक्षकाला सुखावणारी आहे. फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर दोन तास, इंग्रजीत भाषांतर आणि व्याकरण अडीच तास, निबंध दोन तास, इंग्रजी साहित्य तीन तास, ध्वनिशास्त्र दीड तास. शिवाय श्रुतलेखन अर्धा तास आणि वाचन-संभाषण अर्धा तास. एकूण बारा तास. निबंधाच्या विषयांत मॅथ्यू अर्नोल्ड होता, एलिझाबेथकालीन सागरी सफरी होत्या, आणि 'इंडियन म्यूटिनी' हाही एक विषय होता. ज्या घटनेवरचा सावरकरांचा ग्रंथ १९०९ पासून सरकारी बंदीखाली होता, त्याच घटनेवर परदेशी उमेदवाराने दोन तासांत सुबक इंग्रजी निबंध लिहावा अशी अपेक्षा होती. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले. तिघेही अनुत्तीर्ण झाले.

या निकालाचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढेच ते उत्तर. परीक्षक मंडळाच्या आत गुण दिले जात, त्यांची बेरीज होई, पण बाहेर जाई ते प्रमाणपत्र. आणि त्या प्रमाणपत्राचा अर्थ 'ही व्यक्ती इंग्रजीत सुशिक्षित आहे' असा होता. आकडा प्रवासाला निघालेला नव्हता. तो परीक्षकाच्या वहीत राहत होता, आणि तेथे तो फारसे नुकसान करीत नव्हता. पुढे याच केंब्रिजच्या जॅक रोच यांनी तोंडी परीक्षांतील गुणदानाच्या अडचणींवर १९४५ मध्ये एक विस्तृत टिपण लिहिले. एकाच उमेदवाराचे बोलणे ऐकून दोन परीक्षक दोन निष्कर्षांवर येतात तेव्हा काय करावे, हा त्यांचा प्रश्न. रोच यांची भिस्त परीक्षकांनी एकत्र बसून, एकमेकांच्या कानाने ऐकून मत जुळवण्यावर होती. आपल्याकडे नियामक आणि परीक्षक यांच्यात जी चर्चा होते, किंवा व्हावी अशी अपेक्षा असते, तिच्याशी याचे नाते आहे.

अटलांटिकच्या पलीकडे वेगळेच चालले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. त्यांच्या इंग्रजीची खात्री करण्यासाठी १९६१ साली वॉशिंग्टनमध्ये एक परिषद भरली. त्याच वर्षी रॉबर्ट लाडो यांचे भाषा-चाचणीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले होते. भाषेचे ध्वनी, शब्द, रचना असे सुटे घटक करून प्रत्येकावर स्वतंत्र प्रश्न विचारावेत, अशी त्या पुस्तकाची दिशा. परिषदेत जॉन कॅरॉल यांनी याला जोड दिली, किंवा खरे तर छेद दिला : भाषा वापरताना हे सारे घटक एकदमच येतात, तेव्हा एकदमच मोजणारे प्रश्नही हवेत. १९६४ साली 'टोफेल' प्रथम घेतली गेली तेव्हा मात्र सुट्या घटकांचा पक्षच वरचढ ठरला. प्रश्न बहुपर्यायी, उत्तरे एकच बरोबर असणारी, तपासणी यंत्राने. एजवर्थचे अठ्ठावीस परीक्षक येथे अनावश्यक झाले. बोलणे आणि लिहिणे चाचणीबाहेर ठेवल्याने परीक्षकांतील मतभेदाचा प्रश्नच उरला नाही. प्रश्न असा सोडवला, की टाळला, हे वाचकांनी ठरवावे.

१९६५ पासून ही चाचणी ज्या संस्थेच्या हाती आली, ती 'ईटीएस', शालान्त विद्यार्थ्यांच्या 'सॅट' परीक्षेमुळे आधीच प्रसिद्ध होती. सॅटचे गुण २०० ते ८०० असतात आणि १९४१ साली बसलेल्या विद्यार्थ्यांच्या गटाची सरासरी ५०० धरून ती पट्टी आखलेली होती. टोफेलचे आकडे याच घराण्यातले. बरोबर आलेल्या उत्तरांची संख्या थेट कळवायची नाही. ती एका पट्टीवर रूपांतरित करून कळवायची. यामागील तर्क सबळ आहे. मे महिन्यातील प्रश्नपत्रिका ऑक्टोबरच्या प्रश्नपत्रिकेपेक्षा अंमळ कठीण निघाली तर तीस बरोबर उत्तरांचे मोल दोन्हीकडे सारखे राहणार नाही. म्हणून दोन्ही प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी संख्याशास्त्राने जुळवून मग गुण द्यायचा. आपल्या विद्यापीठांत 'या वर्षी पेपर सोपा होता' अशी कुजबुज होते आणि तेथेच विरते. त्या मानाने ही पद्धत निश्चितच न्याय्य.

पण या पट्टीच्या अंतरंगात एकदा डोकावले पाहिजे. १९७६ नंतर टोफेलचे तीन भाग होते : श्रवण, रचना, वाचन. प्रत्येक भागाचा रूपांतरित गुण, अलीकडच्या पट्टीनुसार, ३१ पासून सुरू होई आणि पहिल्या दोन भागांत ६८ वर, वाचनात ६७ वर थांबे. तिन्हींची बेरीज करायची, दहाने गुणायचे, तिनाने भागायचे. समजा, ५२, ५५ आणि ५८ मिळाले. बेरीज १६५; दहाने गुणून तिनाने भागले की ५५०. सर्व भागांत सर्वोच्च गुण मिळाले तर बेरीज २०३, आणि अंतिम गुण ६७७. टोफेलचे कमाल गुण असे विचित्र का, याचे उत्तर इतके साधे आहे. तिनाने भागल्यामुळे आणखी एक गंमत होई : अंतिम आकडा नेहमी ०, ३ किंवा ७ वरच संपे. ५५३ मिळू शकत, ५५७ मिळू शकत, ५५५ मिळवलेला उमेदवार जगात कोठेही जन्मू शकत नव्हता. ज्या पट्टीवर पाचशे-सहाशेंची बारकाई दिसते, तिच्यावरच्या खऱ्या पायऱ्या दिसतात त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी.

त्या पायऱ्यांनाही फार अर्थ नव्हता. टोफेलच्या एकूण गुणाची प्रमाणित त्रुटी तेरा-चौदा गुणांची असल्याचे ईटीएस स्वतःच सांगत असे. याचा अर्थ, ज्याला ५५० मिळाले त्याचा 'खरा' गुण साधारणतः ५३६ ते ५६४ यांच्या दरम्यान असावा. तोही तीनपैकी दोन वेळा, तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. विद्यापीठांसाठीच्या पुस्तिकेत सल्लाही असे की एकाच किमान गुणाचा काटेकोर उंबरठा ठेवू नका, विद्यार्थ्याची बाकीची माहितीही पाहा. ही पुस्तिका किती प्रवेश-अधिकाऱ्यांनी वाचली असेल याची कल्पना वाचकांना करता येईल. विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत '५५० किंवा अधिक' एवढेच छापले जाई. ५४७ वाला बाहेर, ५५० वाला आत.

पुढे जे झाले ते आम्हाला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण वाटते. १९९८ मध्ये टोफेल संगणकावर आली आणि पट्टी ० ते ३०० अशी बदलली. जुन्या गुणांचे नव्यांत रूपांतर करणारा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यात ५५० समोर २१३ होते. विद्यापीठांनी मुकाट्याने ५५० खोडून २१३ लिहिले. आता ५५० हा आकडा पाहताक्षणीच कळते की तो कोणीतरी सोयीसाठी निवडलेला गोल आकडा आहे. २१३ कडे पाहून तसे वाटत नाही. तो एखाद्या प्रयोगशाळेतून आल्यासारखा दिसतो. २१२ नाही, २१४ नाही, नेमके २१३. एक ढोबळ सोय दुसऱ्या पट्टीवर उतरताच वैज्ञानिक निष्कर्षाचे रूप घेऊन बसली. २००५ साली इंटरनेटवरील टोफेल आली. आता चार कौशल्ये, प्रत्येकी ३० गुण, एकूण १२०. व्याकरण-रचनेचा स्वतंत्र भाग गेला आणि बोलणे प्रथमच सर्वांसाठी सक्तीचे झाले. म्हणजे मोजायची वस्तूच बदलली. तरीही तक्ता पुन्हा निघालाच : २१३ बरोबर ७९-८०. जी परीक्षा बोलणे मोजतच नव्हती तिचा गुण आणि जिचा चौथा हिस्सा बोलण्याचा आहे तिचा गुण एकमेकांसमोर मांडले गेले, आणि अनेक विद्यापीठांची प्रवेशाची अट '७९' झाली. या नव्या पट्टीचीही प्रमाणित त्रुटी साडेपाच गुणांच्या वर आहे.

भाषेला एकच आकडा द्यावा की अनेक, हा वाद या काळात विद्वानांतही रंगला होता. भाषिक क्षमता मुळात एकसंध आहे, वाचन-श्रवण-लेखन हे तिचेच आविष्कार आहेत, असा सिद्धान्त जॉन ओलर यांनी १९७० च्या दशकात मांडला. तो टिकला असता तर एकाच आकड्याला तात्त्विक आधार मिळाला असता. पण पुढील दशकाच्या आरंभी खुद्द ओलर यांनीच त्याचे टोकाचे रूप मागे घेतले. सिद्धान्त गेला, बेरीज राहिली.

ब्रिटिश परंपरेने दुसरी वाट धरली, आणि तिचा उगम काहीसा अनपेक्षित ठिकाणी आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेत १९५० च्या दशकात आपल्या अधिकाऱ्यांना परभाषा कितपत येते हे ठरवण्यासाठी शून्य ते पाच अशी पट्टी तयार झाली. तिचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक आकड्याला एक वर्णन जोडलेले होते. पाच म्हणजे सुशिक्षित मातृभाषकासारखी भाषा, तीन म्हणजे व्यावसायिक कामापुरती, एक म्हणजे प्रवासात निभावून जाण्याइतकी. येथे आकडा मोजून येत नव्हता. मुलाखत घेणारा वर्णन वाचून ठरवी की समोरची व्यक्ती कोणत्या वर्णनात बसते. ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या 'ईएलटीएस' चाचणीत ब्रेंडन कॅरॉल यांनी अशीच नऊ पायऱ्यांची पट्टी आणली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियन विद्यापीठांची संस्था सामील झाली, नावात 'आंतरराष्ट्रीय' आले, आणि आपल्याकडे सर्वश्रुत असलेली 'आयेल्ट्स' जन्माला आली.

म्हणूनच नऊपैकी साडेसहा म्हणजे बहात्तर टक्के हा हिशेब चुकतो. सहा हा आकडा सहा वस्तूंची मोजणी करत नाही. तो एका परिच्छेदाचा क्रमांक आहे. आणि परिच्छेद वाचणे हे तर आपले काम. या वर्णनांकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा बारकाईने पाहावेच. सहाव्या पायरीवरील उमेदवाराची भाषा एकंदरीत परिणामकारक असते, पण तिच्यात काही चुका, काही अनुचित प्रयोग, काही गैरसमज असतात. सातव्या पायरीवर हे दोष अधूनमधूनच दिसतात. आठव्यावर ते तुरळक आणि विस्कळीत असतात. म्हणजे सहा आणि सात यांतील अंतर हे 'काही' आणि 'अधूनमधून' या दोन शब्दांतील अंतर आहे. सारी पट्टी विशेषणे आणि क्रियाविशेषणांच्या उतरंडीवर उभी आहे. समीक्षेत एखाद्या कवीची प्रतिमासृष्टी 'बऱ्यापैकी समृद्ध' आहे असे आपण लिहिले तर संपादक खुलासा मागेल. येथे मात्र त्या 'बऱ्यापैकी'चा सहा होतो, आणि तो दशांश चिन्हासह गणितात शिरतो.

कारण गणित आहेच. श्रवण आणि वाचन यांत प्रत्येकी चाळीस प्रश्न. बरोबर उत्तरे मोजून त्यांचे पायरीत रूपांतर होते. शैक्षणिक वाचनात साधारणतः तीस बरोबर आली की सात. सर्वसामान्य प्रशिक्षणाच्या वाचनात तीसच बरोबर आली तर सहा, कारण तो उतारा सोपा मानला जातो. लेखन आणि संभाषण यांत परीक्षक चार-चार निकषांवर पायरी ठरवतो. लेखनातील दुसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्याच्या दुप्पट. मग चारही कौशल्यांची सरासरी काढली जाते. ६.५, ६.५, ५ आणि ७ यांची सरासरी ६.२५ येते. पाव आला की वरच्या अर्ध्याकडे जायचे असा नियम असल्याने अंतिम गुण साडेसहा. तेच ६.५, ६.५, ५.५ आणि ६ असे असतील तर सरासरी ६.१२५, म्हणून सहा. पहिल्या उमेदवाराला एका कौशल्यात पाच आहेत, दुसऱ्याला कोठेच साडेपाचाच्या खाली नाही. तरी साडेसहा पहिल्याला. पट्टी वेळोवेळी दुरुस्तही होत गेली. २००७ पर्यंत लेखन व संभाषणात अर्धी पायरी दिलीच जात नसे. उच्चाराचा निकष तर २००८ पर्यंत फक्त २, ४, ६ आणि ८ एवढेच जाणत होता. त्यापूर्वी ज्याचे उच्चार मधल्या मापाचे होते, त्याला चार द्यावेत की सहा, एवढाच निर्णय परीक्षकाच्या हाती होता.

युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेख लागेल. येथे एवढेच नोंदवतो की त्या पातळ्यांतील वर्णनांचा क्रम ब्रायन नॉर्थ यांच्या स्वित्झर्लंडमधील अभ्यासातून ठरला, आणि त्या अभ्यासाची सामग्री होती शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांविषयी दिलेली मते. जगभराच्या चाचण्या आज स्वतःला ज्या पट्टीशी जोडून घेतात, तिच्या बुडाशी शिक्षकांचा अदमास आहे. आम्हाला यात काही गैर वाटत नाही. तो अदमास आहे हे लपून राहते, एवढेच खटकते.

भाषेची परीक्षा आणि देशाची सीमा यांचे नाते या चाचण्यांहून जुने आहे. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्यान्वये नको असलेल्या स्थलांतरितांना कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन देण्याची सोय करून ठेवली होती. १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला अडवायचे होते, तेव्हा त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन देण्यात आले. १९५८ मध्ये ती परीक्षा रद्द झाली. तिला पट्टी नव्हती, तक्ता नव्हता, आणि तिचा हेतू कोणापासून लपलेला नव्हता. आजच्या चाचण्यांची तुलना तिच्याशी करणे अन्यायाचे होईल; त्यांच्यामागे खरोखरच प्रामाणिक संशोधन आहे. पण आकडा एकदा सीमेवर पोचला की तो कशासाठी वापरला जाईल हे संशोधकांच्या हाती राहत नाही.

ब्रिटनमधील परिचारिकांचे उदाहरण घ्या. तेथील नोंदणी परिषद परदेशी परिचारिकांकडून आयेल्ट्समध्ये चारही कौशल्यांत सात मागत असे. भारतातील कितीतरी अनुभवी परिचारिका लेखनातील साडेसहावर अडकत. पुन्हा शुल्क, पुन्हा परीक्षा, पुन्हा साडेसहा. रुग्णालयांत मनुष्यबळ अपुरे पडत होते. डिसेंबर २०१८ मध्ये परिषदेने लेखनाची अट साडेसहावर आणली. नोव्हेंबरात ज्यांचे लेखन रुग्णसेवेस अपुरे होते, त्यांचेच लेखन डिसेंबरात पुरेसे झाले. त्यांच्या भाषेत महिनाभरात काही घडले नव्हते. बदल योग्यच होता. पण मग आधीचा सात हा आकडा रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी अपरिहार्य होता असे जे समजले जाई, त्याचे काय?

याहून गंभीर प्रकरण २०१४ चे. ईटीएसचीच 'टोइक' ही चाचणी तेव्हा ब्रिटनच्या विद्यार्थी-व्हिसासाठी चालत असे. काही केंद्रांवर तोतये बसवून परीक्षा दिली जाते असे बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने त्या वर्षी फेब्रुवारीत दाखवले. फसवणूक झाली होती यात शंका नाही. त्यानंतर ध्वनिमुद्रणांची यंत्राने आणि माणसांनी तपासणी झाली आणि प्रत्येक गुणपत्रकाला नवा शेरा मिळाला : 'अवैध' किंवा 'शंकास्पद'. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे २०११ ते २०१४ या काळातील अठ्ठावन्न हजारांहून अधिक चाचण्यांपैकी ५८ टक्के अवैध आणि ३९ टक्के शंकास्पद ठरल्या. म्हणजे निर्दोष उरल्या त्या शंभरात तीन. अवैध ठरलेल्यांचे व्हिसे रद्द होऊ लागले. त्यांत दक्षिण आशियातील विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. हजारो अपिले झाली, आणि ज्यांना फसवे ठरवले होते त्यांच्यापैकी अनेक जण न्यायाधिकरणासमोर अस्खलित इंग्रजीत आपली बाजू मांडून जिंकले. आवाज ऐकून दिलेल्या मतात किती चूक संभवते, हा प्रश्न एजवर्थने १८९० साली विचारला असता. खात्याच्या कागदावर त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

गुण कळवण्याच्या पद्धतीत एक रकाना मात्र हमखास असतो : परीक्षार्थीची मातृभाषा. टोफेलच्या वार्षिक सारांशांत मातृभाषेनुसार सरासरी गुणांचा तक्ता छापला जात आला आहे आणि त्यात मराठीचीही ओळ आहे. हा तक्ता पाहून मराठी भाषकांचे इंग्रजी अमुक भाषकांहून सरस असे निष्कर्ष काढण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु ती सरासरी मराठी भाषकांची नाही. परदेशी शिकायला जाऊ शकणाऱ्या, शुल्क भरू शकणाऱ्या, बहुधा शहरांत वाढलेल्या मराठी भाषकांची आहे. अशी तुलना करू नये असे ईटीएसने स्वतःच बजावलेले आहे. तक्ता तरीही छापला जातो.

गुणपत्रकावरील आणखी एक गोष्ट आम्हाला नेहमी विचारात पाडते. टोफेल आणि आयेल्ट्स यांचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरतात. केंब्रिजच्या जुन्या परंपरेतील प्रमाणपत्राला मुदत नाही. एकाच भाषेच्या ज्ञानाविषयी या दोन विधानांचा मेळ घालणे कठीण आहे. भाषा वापराविना गंजते हे खरेच. पण ती चोविसाव्या महिन्याच्या अखेरीस सर्वांचीच एकदम गंजते, असे कोणी म्हणणार नाही.

यंत्रांचा शिरकाव आता तपासणीच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत झाला आहे. २००९ मध्ये आलेल्या पीटीई चाचणीत बोलणे आणि लिहिणेही संगणकच तपासू लागला आणि तिचे गुण १० ते ९० असे ठरले. ड्युओलिंगोची पट्टी १० ते १६० आहे. केंब्रिजने २०१५ पासून आपल्या जुन्या अक्षरश्रेणींच्या जोडीला ८० ते २३० अशी पट्टी स्वीकारली. दरम्यान ईटीएसने २०२५ मध्ये जाहीर केले की जानेवारी २०२६ पासून टोफेलचे गुण अर्ध्या-अर्ध्या पायरीने १ ते ६ असे दिले जातील. पाचशेंपासून तीनशेंकडे, तीनशेंपासून एकशेवीसकडे आणि आता सहाकडे, असा हा साठ वर्षांचा प्रवास आहे. आणि बारकाईचा दावा सोडून टोफेल अखेर वर्णनांच्या पायऱ्यांशी येऊन थांबली आहे. संक्रमणाची दोन वर्षे गुणपत्रकावर जुना, एकशेवीसपैकीचा तुल्य गुणही छापण्याची तरतूद आहे. विद्यापीठांसाठी रूपांतराचा नवा तक्ता निघालेला आहेच.